जनरेटरवरचा एक व्होल्ट

इल्वाच्या ॲम्प्लिफायरने सिग्नल दहापट करायला हवा होता. तो वीसपट करत होता. गिऱ्हाईक जेवणानंतर माल तपासायला येणार होतं, आणि तिला नोकरीत कायम करायचं की नाही तेही आजच ठरणार होतं.

"सिग्नल जनरेटरवर एक व्होल्ट लावलाय, बाहेर वीस येतायत," ती साहेबाला, होकानला म्हणाली. "जनरेटरच तपासू या का?"

होकानने जनरेटरवरच्या हिरव्या स्टिकरवर बोट टेकवलं. तपासणी होऊन जनरेटर नुकताच परत आला होता. स्वीडनमधल्या या वेस्तेरोस गावात माणसावर संशय घेतलेला चालतो, स्टिकरवर नाही.

मग सगळे कॉफीला बसले. इथे एकमत झाल्याशिवाय कॉफीवरून कुणी उठत नाही, आणि आवाज तर कुणी चढवतच नाही. चढवला असता तर निदान कुणाचं तरी डोकं चाललं असतं. दालचिनीचे बन संपले तेव्हा ठरलं होतं, चूक ॲम्प्लिफायरचीच. इल्वानेही मान डोलावली. भित्रेपणाला इथे समजूतदारपणा म्हणतात.

परत येऊन तिने केबल ॲम्प्लिफायरमधून उपटली आणि सरळ स्कोपला, म्हणजे व्होल्ट दाखवणाऱ्या यंत्राला लावली. पडद्यावर दोन व्होल्ट. ॲम्प्लिफायर बाजूला पडलेला, तरी दोन.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. जनरेटरच्या पोटात पन्नास ओहमचा रोध असतो, आणि पुढच्या यंत्रातही पन्नासच असणार असं तो धरून चालतो. निम्मं आतच खर्च होणार म्हणून तो दुप्पट ढकलतो आणि आकडा निम्मा दाखवतो. तिचा ॲम्प्लिफायर जवळजवळ काहीच ओढत नव्हता, म्हणून ते सगळं दुप्पट त्याच्या गळ्यात पडत होतं. तिने केबलच्या टोकाला पन्नास ओहमचं बूच लावलं. बरोब्बर एक व्होल्ट.

ती होकानकडे धावली. एकदा ठरलेलं आता कसं बदलायचं, असं तो पुटपुटतोय तोवर गिऱ्हाईक दारात. बेंग्ट, म्हातारा, काखेत स्वतःचा जनरेटर. दुसऱ्याच्या यंत्रावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने मोजलं आणि वीसपट येतंय असं जड आवाजात सांगितलं.

"बघ इल्वा, दोन-दोन जनरेटर तेच सांगतायत," होकान म्हणाला. "आता तरी ऐक."

इल्वाने बेंग्टच्या केबलला जोड लावून त्यात ते बूच बसवलं. पडद्यावरचे वीस दहावर आले. बेंग्टने बूच काढलं. वीस. लावलं. दहा. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग तो हळूच खुर्चीत बसला.

"गेल्या दोन वर्षांत मी तीन कंपन्यांचा माल परत पाठवलाय," तो म्हणाला. "वीसपट येतंय म्हणून. होकान, दार लाव."

होकानने दार लावलं. हे आणखी कुणाला ठाऊक आहे, असं बेंग्टने विचारलं. कुणालाच नाही, इल्वा म्हणाली.

"हिला कायम कर," तो होकानला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. ही त्या तिघांपैकी कुणाकडे नोकरीला गेली, तर मी मेलो."