एक चेहरा, दोन पदव्या

"तुमची पदवी खरी आहे, मॅडम," पडताळणी अधिकारी म्हणाला, "पण तुम्ही खोट्या आहात."

दातांची डॉक्टर खुर्चीत ताठ झाली. उद्या सकाळी तिला नव्या इस्पितळात रुजू व्हायचं होतं. जुनी नोकरी सोडून झाली होती आणि पडताळणीच्या दाखल्याशिवाय तिथला दरवानही आत घेणार नव्हता.

"खोटी म्हणजे?"

"आमचं एआय म्हणतंय, याच चेहऱ्याच्या बाईने त्याच वर्षी दुसऱ्या शहरात गुरांच्या डॉक्टरकीची पदवी घेतलीय."

"अहो, ती माझी जुळी बहीण!"

"मला पटलं हो. पण त्याला कसं पटवू?" त्याने यंत्राकडे बघून आवाज उगाचच खाली आणला.

"मग खोडा ना ते!"

"ब्लॉकचेन आहे, मॅडम. इथे एकदा लिहिलं की ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. आता पडताळणीची एकच संधी उरलीय. तीही हुकली, तर कायमच्या बाद."

तिने बहिणीला, म्हणजे थोरलीला, फोन लावला. थोरली एका गाईच्या बाळंतपणात अडकली होती. "आलेच," म्हणाली खरी, पण तिची वाट बघताना धाकटीने दहाही बोटांची नखं संपवली. शिपाई खिडक्या लावू लागला, तेव्हा कुठे थोरली गमबुटांसकट, आपली पदवी काखेत मारून, धापा टाकत आत आली.

अधिकाऱ्याने दोघींना कॅमेऱ्यासमोर शेजारीशेजारी उभं केलं, दोघींच्या पदव्या घाईघाईने यंत्राच्या काचेवर ठेवल्या आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं.

"याच्यापेक्षा गाय लवकर व्याली," थोरली पुटपुटली.

"गप्प बस गं!"

पडदा हिरवा झाला. दोन स्वतंत्र व्यक्ती, दोन्ही पदव्या अस्सल! बहिणींनी एकमेकींना मिठी मारली. तेवढ्यात दाखले हातात घेतलेल्या अधिकाऱ्याचा चेहरा पडला.

"मॅडम... माझ्याकडून पदव्या ठेवताना अदलाबदल झाली. दातांच्या पदवीवर यांचा फोटो आलाय, गुरांच्या पदवीवर तुमचा."

"खोडा!" दोघी एकदम ओरडल्या आणि एकदमच गप्प झाल्या.

धाकटी रडायच्या बेतात होती. थोरलीने दाखला ओढून घेतला, फोटो नीट न्याहाळला आणि धाकटीच्या गालाशेजारी धरला.

"साहेब, सांगा बघू, हा फोटो माझा की हिचा?"

अधिकाऱ्याने फोटो पाहिला, दोघींना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग दोन्ही दाखल्यांवर शिक्का मारला.

बाहेर पडताच धाकटीने आईला फोन केला. "आई, नोकरी वाचली! पण गंमत ऐक, त्या यंत्राने मला थोरली ठरवलंय आणि हिला धाकटी."



"बरं झालं बाई, कोणीतरी एकदाचं ठरवलं," आई म्हणाली. "पहिल्या आंघोळीला तुमच्या मनगटांवरच्या ओळखीच्या पट्ट्या सुटल्या होत्या. तेव्हापासून मी अंदाजानेच हाका मारतेय."