खळ्यावरचं लायसन

सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवू इच्छिणाऱ्या प्रत्येक इसमाने सरकारी चाचणी उत्तीर्ण होणे आवश्यक आहे, असा नियम आहे आणि तो कर्जत तालुक्यालाही लागू आहे. ही गोष्ट शहात्तर-सत्त्याहत्तर सालची. पळसदरीच्या सखा ठोंबरेला रसायनीच्या एका कारखान्यात रुग्णवाहिकेवर ड्रायव्हरची नोकरी लागायची होती. मॅनेजर म्हणाले होते, पहिल्या तारखेच्या आत लायसन आणून दाखव, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. भिवपुरीच्या हिरूचा बापही तेच म्हणाला होता. त्याच्याकडेही दुसरा माणूस तयार होता. नोकरी आणि बायको दोन्ही एका लायसनला बांधलेल्या. गाडी चालवता येते का, हे मात्र दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. तसा प्रघातच नव्हता.

खालापूरच्या सिराजभाईंची मोटार शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे एक जुनी काळी मोटार आणि स्वतः सिराजभाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सखाला विचारलं, "तुला गाडी शिकायचीय का पास व्हायचंय?"

"दोनी नाय का व्हायचं?"

"होईल की. पन गाडी शिकलेला पोरगा हमखास नापास होतो बघ. तो रस्ता बघत बसतो, साहेबाकडं लक्षच देत नाय."

सखाने पास व्हायचं ठरवलं. त्याला नावं ठेवू नका, तुम्हीही तेच ठरवलं असतंत.

मोटार निरीक्षक टिपरेसाहेब महिन्यातून एकदा कर्जतला येत. विश्रामगृहामागच्या मैदानात त्यांचं टेबल मांडलं जाई, टेबलावर चहा ठेवला जाई आणि चाचणी सुरू होई. मैदानात एक चिंच होती. उमेदवाराने चिंच डाव्या हाताला ठेवून तिला वळसा घालायचा आणि साहेबांच्या टेबलापुढे अशी गाडी थांबवायची की चहात धूळ जाता कामा नये. धूळ गेली की नापास. उजवीकडे वळणे, गाडी मागे घेणे, चढावर थांबवणे या बाबी नियमात होत्या, पण मैदानात नव्हत्या. सिराजभाई हिशेबी माणूस. त्यांनी त्या शिकवण्यातून वगळल्या.

सरावाला जागा मिळाली ती सखाच्याच खळ्यावर. भाताची मळणी नुकतीच उरकली होती आणि मधला तिवडा, म्हणजे ज्या खांबाभोवती बैल फिरवतात तो, अजून उभा होता. "ही चिंच समज," सिराजभाई म्हणाले. बैल तिवडा डाव्या हाताला ठेवून फिरत आले होते, सखाही तसाच फिरायला लागला. बैल गोठ्यातून बघत. त्यांना यात नवीन काही दिसलं नसावं.

आता टेबलामागे साहेब पाहिजे. ते काम सखाच्या आत्याने, गौराबाईने, अंगावर घेतलं. ती खुर्चीत बसली, पुढ्यात चहाचा कप ठेवला आणि बसल्या क्षणापासून तिचा आवाज बदलला.

"नापास! धूळ आली माज्या च्यात!"

"आत्ये, अगं म्हस गेली मागनं, तिची धूळ ती."

"म्हशीला लायसन नको हाय, तुला पायजे हाय. परत फिर!"

दोन-तीन दिवसांत ती म्हणायला लागली, खऱ्या साहेबाला च्यासंगट अंडं असतं. अंडं आलं. मग म्हणाली, खरा साहेब दुपारी कोंबडीशिवाय जेवत नाय. कोंबडीही आली. अधिकार इतका अंगात मुरला की वाटेने जाणाऱ्या धाकलूलाही तिने हाक मारून नापास केलं, आणि तो बिचारा मान खाली घालून घरी गेला. पण सखा तयार झाला. डोळे झाकून डावा वळसा घ्यायचा, आणि समोर टेबल दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर.

चाचणीच्या दिवशी मैदानात मांडव घातलेला. कुणा पुढाऱ्याची 'तालुक्याची घोडदौड' या विषयावर सभा होती. चिंचेला कर्णा बांधला होता आणि टेबलाच्या जागी व्यासपीठ उभं होतं. टिपरेसाहेबांनी आपलं टेबल व्हरांड्यापुढे मांडून घेतलं आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रथमच नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, चाचणी रस्त्यावर घ्यावी.

"रस्त्यावर?" उमेदवार एका सुरात ओरडले. "लायसन नसताना रस्त्यावर? गुन्हा हाय तो साहेब!" मुद्दा बिनतोड होता. एकेक जण पुढच्या महिन्याची वाट बघायला घरी गेला. सखाला पुढचा महिना परवडणारा नव्हता. त्याने सिराजभाईंनी सकाळीच आणून ठेवलेल्या काळ्या मोटारीचं दार उघडलं. साहेबांना ते अजिबात आवडलं नाही, पण नियम आता मोठ्याने वाचून झाला होता.

फाटकाबाहेर सखा डावीकडे वळला. वळण सुंदर घेतलं.

"छान," साहेब म्हणाले. "आता उजवीकडे घ्या, बाजारातून परत येऊ."

"उजवीकडं नाय शिकलो, साहेब."

"म्हणजे?"

"चिंच डाव्या हाताला असती ना."

साहेबांना चिंच आठवली. बाजार मागे पडला. "मग थांबा आणि गाडी मागे घ्या."

"थांबतो की. पन मागं कुठं शिकलोय? तुमीच घ्या ना चाक जरा."

टिपरेसाहेबांनी चाकापासून जरा लांब सरकून घेतलं. मग पडेल आवाजात म्हणाले, "मला सरकारी ड्रायव्हर असतो."

"पन साहेब, तुमची पन परीक्षा झाली आसंल की!"

"झाली होती," साहेब म्हणाले. "आमच्या मैदानात वड होता."

त्यानंतर दोघांमध्ये एक प्रकारची आपुलकी निर्माण झाली. एस.टी.ने परतावं, तर चाचणी अर्धवट सोडता येत नव्हती. शेवटी नकाशावर एकमत झालं. कर्जतहून सरळ चौकला जायचं, तिथे डावीकडे वळून खालापूर, खोपोलीला पुन्हा डावीकडे आणि पळसदरीवरून थेट कर्जत. परमेश्वराने दोन तालुक्यांचं खळंच करून ठेवलं होतं.

चौकच्या वळणावर साहेबांनी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं. खालापूरला सिराजभाई चहा पीत उभे होते. आपला विद्यार्थी खुद्द साहेबांना घेऊन चाललेला बघून त्यांचा ऊर भरून आला आणि त्यांनी तिथल्या तिथे दोन नवे विद्यार्थी घेतले. पळसदरीला गौराबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. खरा साहेब बघून ती दबेल, असं सखाला वाटलं होतं.

"धूळ!" ती ओरडली. "हळू घे मेल्या, नापास करंल तो तुला!"

विश्रामगृहापुढे टेबल दिसलं आणि सखाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. चहा पार गार झाला होता, पण त्यात धुळीचा कणही नव्हता. साहेबांनी शेरा मारला: 'उमेदवाराने दोन तालुक्यांतून वाहन सुरक्षितपणे चालविले. उत्तीर्ण.' इतकी कडक चाचणी जिल्ह्यात त्यापूर्वी कुणाचीच झाली नव्हती.

नोकरी लागली. हिरू घरी आली. सखा खूश होता हो, अगदी मनापासून.

पुढच्या पावसाळ्यात टिपरेसाहेब त्याच कारखान्याची वाहनं तपासायला गेले आणि तिथेच त्यांच्या छातीत कळ आली. त्यांना रुग्णवाहिकेत निजवलं. फाटकाबाहेर उजव्या हाताला, हाकेच्या अंतरावर, दवाखाना दिसत होता. गाडी डावीकडे वळली.

साहेबांनी डोळे उघडले. "ड्रायव्हर कोण आहे?"

"मी सखा. तुमीच पास केलेला! काळजी नको साहेब, वळसा घालून पोचवतोच."

"थांबव!" साहेब किंचाळले. सखाने थांबवली, तेवढं त्याला येत होतं. साहेब उतरले, छाती धरून दवाखान्यापर्यंत चालत गेले आणि वाचले. तेव्हापासून त्या कारखान्यातले सगळेच रुग्ण चालत जातात. सखाच्या गाडीत आजवर एकही माणूस दगावलेला नाही, आणि या कामगिरीबद्दल कंपनीने त्याचा नारळ देऊन सत्कार केला.

हसलात? हसा, हसा. पण तुमच्याही खिशात लायसन असेलच. ते जरा बाहेर काढा आणि तुमच्या मैदानात कुठलं झाड होतं ते आठवा. आणि आठवलं की मला कळवा हो, म्हणजे तुम्ही समोरून येताना मी कुठल्या बाजूला उडी मारायची, ते आधीच ठरवून ठेवीन.