निश्चयतांबूलातले एकेचाळीस धोके

निश्चयतांबूलाचा कागद एका पानाचा असतो. वाध्यार, म्हणजे आमचे पुरोहित, तो मोठ्यानं वाचतात, जमलेले लोक योग्य जागी माना डोलावतात, दोन्ही पक्ष ताटं बदलतात आणि लग्न ठरतं. तंजावरातल्या आमच्या मराठी घरांत ही पद्धत इतकी वर्षं विनातक्रार चालू आहे, की तिच्यात गंभीर त्रुटी असणार हे उघडच होतं. ती माझ्या लक्षात आली. मी कीर्तना. इयत्ता अकरावी, कॉम्प्युटर सायन्स, आणि यंदापासून घरची तांत्रिक सल्लागार.

हे पद मला अप्पांनी बहाल केलं. अप्पा म्हणजे अनिरुद्धराव, ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत हेड क्लार्क. मी त्यांच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये 'कावल' नावाचं एक फुकटचं साधन बसवलं होतं. कावल म्हणजे तमिळमध्ये पहारा. कुठलाही करार त्याच्यापुढे धरा, सही करण्याआधीच तो धोक्याची कलमं लाल करून दाखवतो. पाण्याच्या फिल्टरच्या करारातलं 'आमचा माणूस येईल' हे वाक्य त्यानं लाल केलं आणि शेजारी लिहिलं : कधी, ते नमूद नाही. अप्पा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"बावीस वर्षं मी लोकांना हेच वाक्य लिहून देतोय," ते म्हणाले, "आणि आजवर एकानं पकडलं नाही!"

त्या दिवसापासून अप्पा कावलाशिवाय दुधाच्या पिशवीवरचा मजकूरही वाचेनात.

आता माझ्या मोठ्या बहिणीचं, श्रीलक्ष्मी अक्काचं. तिनं आणि कल्याणरामनं एकमेकांना पसंत केलं त्याला दोन वर्षं झाली. दोन्ही घरांनी एकमेकांना पसंत करायला तेवढीच लागली. अखेर आडी या तमिळ महिन्याच्या आदल्या दिवसाचा मुहूर्त निघाला. रविवार, दुपारी तीन ते साडेचार. साडेचारला राहुकाळ लागतो, दुसऱ्या दिवशी आडी महिना लागतो, म्हणजे कुठलंही शुभकार्य बंद, आणि तिसऱ्या दिवशी कल्याणराम अकरा महिन्यांसाठी जहाजावर जातो. म्हणजे अक्काच्या आयुष्यात सध्या दीड तास उपलब्ध होता.

तीन वाजता तिरुवैयारूहून मुलाकडचे आले. तीन वाजून दहा मिनिटांनी सूर्यनारायण वाध्यारांनी कागद उघडला आणि घसा साफ केला. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "एक मिनिट. कीर्तना, ह्याला जरा कावलातून काढ बघू."

मी कागदाचा फोटो काढून लॅपटॉपवर चढवला. मजकूर आमचा मराठी, अक्षरं तमिळ, कारण देवनागरी वाचणारा माणूस आमच्या घरात मी सोडून नाही. कावल तीस सेकंद गप्प राहिला. मग म्हणाला : भाषा ओळखता येत नाही. धोका अतिउच्च. मी सगळं इंग्रजीत करून दिलं, तेव्हा त्याला कंठ फुटला.

एकेचाळीस लाल खुणा.

'ईश्वरकृपेने' : ईश्वर हा तिसरा पक्ष. त्याचं संमतिपत्र जोडलेलं नाही. 'कौशिक गोत्र' : कौशिक हे हमीदार असल्यास चालू पत्ता व मोबाइल क्रमांक द्यावा. 'थोरांच्या आशीर्वादाने' : थोरांची व्याख्या नाही. आशीर्वाद परत घेतल्यास काय? 'आप्तेष्टांसह अवश्य यावे' : ही खूण इतकी लाल होती की पडदाच गुलाबी दिसायला लागला. संख्येस मर्यादा नाही, असं त्याखाली लिहिलं होतं.

"अय्यो," अप्पा पुटपुटले. "माझ्या लग्नात मी ह्याच्यावर सही केलीय."

"आणि तेवीस वर्षं माझ्या हातचं गिळताय," आतून अम्मा म्हणाली. "तेही लाल करा."

मुलाचे वडील वेंकटराव निवृत्त हेडमास्तर. ते ताठ बसले. "म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा आमच्यावर संशय आहे?"

"छे छे! संशय नाही, पद्धत आहे."

"पद्धत असेल तर दोन्ही बाजूंना पाहिजे," वेंकटराव म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "अम्माडी, पोरी, आमच्याकडूनही एक बसव."

मी बसवला. तोच कावल, त्याच कंपनीचा. आता आमच्या कावलानं सुचवलेली दुरुस्ती त्यांच्या कावलाला लाल दिसू लागली आणि त्यांच्या कावलाची आमच्या. आमच्यानं लिहिलं, 'थोर म्हणजे साठ वर्षांवरील व्यक्ती.' त्यांच्यानं विचारलं, वयाचा दाखला? आमच्यानं लिहिलं, 'पाऊस आल्यास जबाबदारी मुलाकडे.' त्यांच्यानं लिहिलं, 'पाऊस मुलीच्या गावी पडल्यास मुलीकडे.' मग पाऊस म्हणजे किती थेंब, यावर दोघांचं जमेना. पावणेचारला एकशे अठरा खुणा झाल्या आणि कागद एकोणीस पानांचा. अप्पा आणि वेंकटराव मात्र शेजारी शेजारी सरकून इतके रंगले होते, की दोन वर्षांत पहिल्यांदाच ते एकमेकांना आवडत आहेत असं वाटलं.

कल्याणरामच्या आत्या वेंकूबाई पंख्याखालची खुर्ची धरून बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"जेवणाचं कितव्या पानावर आहे?"

"चौदाव्या, आत्या," मी सांगितलं. "पण वडे की भजी, त्याला लवाद नेमायचाय."

"वडे," वेंकूबाई म्हणाल्या. ते एकमेव कलम दोन्ही कावलांनी बिनविरोध हिरवं केलं.

चार वाजले. अक्का जरीच्या पातळात दारातून माझ्याकडे बघत होती. असं ती फक्त मी तिचा फोन चार्जर नेल्यावर बघते.

"कीर्तना, डी, हे थांबव."

"सुरक्षित होतंय, अक्का! तुझ्याच भल्यासाठी."

"मला सुरक्षित नकोय. मला साडेचारच्या आत लग्न ठरलेलं पाहिजे!"

कल्याणराम आपल्या वडिलांना हळूच म्हणाला, "अप्पा, आपण जुनाच कागद वाचला तर?"

"एकशे अठरा धोके कळल्यावर?" वेंकटराव ओरडले. "तुझ्या जहाजाला एवढी भोकं असती तर चढला असतास?"

तो बोटांवर भोकं मोजायला लागला. तो इंजिनियर आहे.

चार वाजून बारा मिनिटांनी मला कोपऱ्यात एक बटण दिसलं : सर्व धोके एकदम काढा. मी दोन्ही पक्षांची तोंडी परवानगी घेतली आणि दाबलं. चक्र फिरलं. एकोणीस पानांचं पुन्हा एक पान झालं. धोके : शून्य. सगळा पडदा केळीच्या पानासारखा हिरवागार.

बावन्न पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी वेंकटरावांना मिठी मारली. दोघांनी सह्या केल्या. सूर्यनारायण वाध्यारांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मी मराठी करून दिलेला मजकूर एका श्वासात वाचला : "उभय पक्षांनी, परस्परांवर कोणतंही बंधन न ठेवता, शक्य झाल्यास, सोयीच्या दिवशी, सोयीच्या ठिकाणी एकत्र यावे. वड्यांसह भोजन होईल. शुभम्."

"आहा!" सगळे म्हणाले आणि योग्य जागी माना डोलावल्या. ताटं उचलली गेली.

"आमची नावं कुठायत?" अक्का म्हणाली.

मी लॅपटॉपवर 'वगळलेले धोके' ही यादी उघडली. पहिल्याच ओळीत होतं : दोन व्यक्ती. स्वभाव बदलते, भविष्यातलं वर्तन अनिश्चित, एकमेकांशी मतभेदाची दाट शक्यता. मुख्य धोका. वगळल्या.

"नावं नंतर घालू," अप्पा घाईघाईनं म्हणाले. "पुरवणी जोडू. आत्ता हिरवं आलंय, त्याला हात नको लावायला!"

"आता कुठं शून्य झालंय," वेंकटरावांनीही दुजोरा दिला.

चार वाजून सव्वीस मिनिटं.

अक्का आली, तिनं वाध्यारांच्या हातातला कागद घेतला, माझ्या केसांत खोचलेलं पेन उपसलं आणि वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं : श्रीलक्ष्मी. मग पेन कल्याणरामला दिलं. त्यानं तिच्या शेजारी आपलं नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली, जहाजाच्या नकाशावर मारतात तशी. मी सवयीनं फोटो चढवला. लॅपटॉप इतका लाल झाला की त्याच्या पोटातला पंखाच फिरायला लागला, आणि वेंकटरावांचा फोन थरथरत पानाच्या ताटात पडला. अक्कानं लॅपटॉपचं झाकण बंद केलं.

"वाचा, वाध्यार."

"किती वाचू?"

"दोनच शब्द आहेत."

त्यांनी दोन शब्द वाचले. चार एकोणतीसला ताटं बदलली. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं की शून्य गेल्याचं, हे अजून निश्चित झालेलं नाही.

नंतर वडे वाढताना मी वेंकूबाईंना विचारलं, "आत्या, पहिल्यांदा वाचलं तेव्हा नावं नव्हती, तुम्हाला कळलं नाही?"

"वड्यांचं वाचलं की," त्या म्हणाल्या. "अजून काय राहिलं होतं?"

बावन्न माणसं होती. मी पंगतीतून फिरून प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांना वडे ऐकू आले होते. नावं नाहीत हे एकालाही ऐकू आलं नव्हतं.

तुम्ही हसताय. हसा. पण मागच्या महिन्यात ज्या लग्नाला जाऊन आलात, त्या नवरीचं नाव काय होतं?

जेवणात गोड काय होतं, ते मी विचारलेलं नाही.