कॅलेंडरवरचा एकसष्ट

छातीठोकपणे सांगतो, घाबरणं माझ्या स्वभावात नाही! परदेशातल्या सरकारच्या बंदर खात्यात एकतीस वर्षं भरती-ओहोटीची नोंद ठेवणारा माणूस मी. उतरलेलं पाणी परत चढतं, हे मला कोणी शिकवायचं? त्यामुळे माझी पेन्शन ज्या चलनात येते ते घसरू लागलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. तिकडच्या एकाचे आपल्याकडे सत्तर मिळायचे, ते अडुसष्ट झाले. होतील की परत सत्तर!

बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेवढं महिनाभर पुढे ढकललं. "डॉक्टर उगीच घाई करतात गं," असं तिला सांगितलं. खरं कारण सांगून तिच्या जिवाला घोर कशाला?

रोज सकाळी आठला भाव बघायचा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचा. नुसता आकडा आणि खाली सही. कशाचा आकडा ते लिहायचं नाही, ही आमच्या खात्याची शिस्त. तिथे सगळ्यांना ते ठाऊकच असायचं!

अडुसष्ट. सहासष्ट. साडेचौसष्ट.

आता पाणी चढायला हवं होतं. चढेना! ताटातली पोळी अर्धी तशीच राहू लागली. एकसष्ट आला त्या दिवशी मी लाल पेन्सिल काढली आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. दोन रेघा म्हणजे धोका. आता मुलीपुढे हात पसरावा लागणार, नाहीतर बायकोची नजर जाणार, आणि तीही माझ्यामुळे!

"अहो, किती दिवस लपवणार आहात?" बायको मागे येऊन उभी होती.

माझं धाबंच दणाणलं. "तुला कळलं?"

"दिसत कमी असलं तरी एवढे मोठे आकडे वाचता येतात मला. महिन्यात अडुसष्टाचे एकसष्ट!"

"अगं, चढेल परत."

"आपोआप चढतं होय? उद्याच्या उद्या हॉस्पिटलात जायचं!"

ती स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलतेय असं वाटून मी मान खाली घातली. "खरंय तुझं. जाऊ या."

दुसऱ्या दिवशी मुलगी गाडी घेऊन आली. रडून रडून डोळे सुजलेले. हॉस्पिटलात बायकोला बाकावर बसवलं आणि मला आत नेलं!

"अहो, पेशंट ती आहे!" मी ओरडलो.

"सगळे असंच म्हणतात, आजोबा," नर्स म्हणाली आणि तिने सुई टोचली.

रक्त झालं, छातीचा फोटो झाला, पोटात नळी घालून झाली. शेवटी वजनकाट्यावर उभं केलं. एकोणसत्तर किलो!

"काटा बिघडलाय," बायको डॉक्टरांना म्हणाली. "कालच एकसष्ट होतं यांचं!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथेच, काट्यावर उभ्या उभ्या, सगळं कबूल केलं.

"या तपासण्यांचे पैसे मी भरलेत," बायको म्हणाली. "डोळ्यांसाठी साठवलेले. केव्हाचे तयार होते. तुम्हीच थांब म्हणालात."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"आईचं ऑपरेशन याच आठवड्यात," मुलगी म्हणाली. "पैसे मी देते. बाबा, तुम्ही आता एक अक्षर बोलू नका." ज्याला घाबरत होतो, तेच झालं.

इतक्यात डॉक्टर रिपोर्ट घेऊन हसत आले. "ठणठणीत आहात हो! आणखी पंचवीस वर्षं काळजी नको!"

पंचवीस वर्षं! या पेन्शनवर! मला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. नर्सने धावत येऊन दंडाला पट्टा गुंडाळला, ब्लडप्रेशर मोजलं आणि कागदावर लिहिलं.

बायकोने तो कागद अगदी नाकापाशी नेऊन वाचला.

"एकशे नव्वद," ती म्हणाली. "चला, तुमचं काहीतरी चढलं एकदाचं!"