जास्तीत जास्त शेअर करा

गूगलवर पहिलं कसं यायचं हे अख्ख्या वाणगावात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं प्रीतम चुरीचं ठाम मत होतं. त्याची बायको दमयंती घरच्या मिरच्यांचं लोणचं करून विकायची. लोणचं झणझणीत, पण गूगलवर शोधलं की जगातली सगळी लोणची दिसायची, दमयंतीचं सोडून.

"पोस्ट शेअर झाली की गूगल आपसूक वर उचलतं," प्रीतमनं जाहीर केलं. पुतणी तेजल हीच कामं करणाऱ्या ऑफिसात होती. नुसत्या शेअरनं गूगल कुणाला वर चढवत नाही, साधी वेबसाइट करून लोणच्याची नीट माहिती लिहा, असं तिनं समजावलं. प्रीतमला ते कष्टाचं वाटलं. त्यानं दमयंतीचा फोटो टाकला, खाली आपला नंबर दिला आणि लिहिलं, 'सौ. दमयंती चुरी, वाणगाव. जास्तीत जास्त शेअर करा.' लोणचं तेवढं लिहायचं राहून गेलं.

पोस्ट मात्र सुसाट सुटली. डहाणूत कुणीतरी 'बिचारी' जोडलं, सफाळ्यापर्यंत 'घरातून निघून गेल्या आहेत' हेही चिकटलं. वाढते शेअर बघून प्रीतम हरखला होता. मजकूर वाचायला सवड कुणाला?

दुसऱ्या दिवशी दमयंती बरण्या आणायला बोईसरला गेली. बाजारात भाजीवाल्या इंदुबाईंनी तिला ओळखलं आणि मनगटच धरलं.

"बाय, नवऱ्याशी भांडलीस नं? भांडणं सगल्यांच्यात हायत. पन असा घर सोडायचा नाय."

दमयंती नाही नाही म्हणाली, तसा बायकांचा संशय पक्का झाला. त्यांनी तिला चहा पाजला, रिक्षात मधोमध कोंबलं आणि थेट वाणगावला आणलं. अंगणात इंदुबाईंनी प्रीतमला असं फैलावर घेतलं, की बायकोला यापुढे छळणार नाही, असं कबूल केल्यावरच त्याची सुटका झाली. तोवर दमयंतीनं रिक्षात ती पोस्ट वाचली होती. ती त्याच्या बाजूनं अवाक्षर बोलली नाही.

संध्याकाळी प्रीतमनं आशेनं गूगलवर बायकोचं नाव टाकलं. लोणचं कुठेच नव्हतं. सर्वात वर एका वेबसाइटची बातमी होती: 'वाणगावची बेपत्ता महिला सुखरूप, पतीला समज.' खाली प्रीतमचा नंबर.

इतक्यात फोन वाजला. पालघरहून कुणी बाई विचारत होत्या, दमयंतीताई खरंच मिळाल्या का?

"मिळाल्या," प्रीतम घाईघाईनं म्हणाला, "त्यांच्या हातचं लोणचंही मिळतं."

"लाज नाय वाटत?" बाई म्हणाल्या. "आता कुठं घरी आली, नि लगेच कामाला लावली?"