साडभाऊंच्या चिडक्या पेशी

आमचे साडभाऊ दिगंबरराव कुणाकडेही जेवायला बसले की आधी स्वतःच्या हृदयाचा फोटो ताटाशेजारी ठेवतात. नसेत साचलेलं कॅल्शियम त्यात पांढरं दिसतं. वाढणाऱ्या बायका हळहळतात आणि माझा जीव जळतो.

ते सौसरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, मागोमाग बायको, म्हणजे माझी मोठी मेव्हणी मालती, वारली. पण शिकवणं सुटलं नाही.

"आपली पांढुर्ण्याची गोटमार असते ना, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, तसं समजा," ते सांगतात. "नसेत चरबी बसली का रक्तातल्या रक्षक पेशी तिथं मारामारीले जातात. त्या चिडून राहिल्या तर बारीक बारीक खडे सांडतात, अन् त्यानं चरबीचा थर फुटायची भीती. शांत झाल्या तर त्याचीच घट्ट फरशी बसते. म्हणून म्हणतो, चिडू नका."

हे शेवटचं नेमकं माझ्याकडे बघून.

चिडू नको तर काय करू? दर रविवारी ते बसने पांढुर्ण्याला आमच्याकडे येतात. माझी बायको शोभा त्यांच्यासाठी बिनतेलाची भाजी वेगळी करते, समोर बसून वाढते, लोणच्याकडे हात गेला की रागावते. शेवटी मीही नागपूरला जाऊन तीच तपासणी करून आलो. कॅल्शियम शून्य निघालं. घरी कुणी 'अरे वा' सुद्धा म्हटलं नाही. शोभाने मला दळण आणायला पाठवलं.

एका रविवारी ते आले नाहीत. मी खूश. पण शोभाने भाजीचा डबा हाती देऊन मलाच सौसरला पिटाळलं. दार उघडंच होतं. साडभाऊ एकटे जेवत होते. ताटात भज्यांचा ढीग आणि तेलात बुडालेलं आंब्याचं लोणचं.

चोर रंगेहाथ सापडला होता. मला आनंद लपवता येईना.

"काय मास्तर, आमच्याकडं पथ्य अन् इथं भजे?"

"मालती होती तवा ताटातलं लोणचं उचलून न्यायची," ते शांतपणे म्हणाले. "मी भांडायचो. आता कितीही घ्या, कोनी हात धरत नाही. तुमच्याकडं शोभा रागावते म्हणून पाळतो. तुमच्यावर रोज रागावणारं माणूस आहे घरात, साडभाऊ. मले तुमचा बहुत हेवा वाटते."

हेवा करायचं काम इतके दिवस माझं होतं. ते त्यांनी परस्पर घेतलेलं मला मुळीच आवडलं नाही. मी हात धुतले, त्यांच्या ताटातलं लोणचं उचललं आणि डबा उघडून समोर ठेवला.

"एक फोड तरी राहू द्या," ते कुरकुरले.

मी नाही राहू दिली. मग ते माझ्याशी चांगले घटकाभर भांडले, आणि भांडता भांडता बिनतेलाची सगळी भाजी खाऊन गेले.