कानातले आजोबा

सावळीच्या लग्नाला दोन दिवस उरले आणि पोरीचे कान अजून बोडकेच होते. लढाईचे दिवस, मुरबाडच्या सोनाराकडे औषधालाही चांदी नव्हती.

"पोर अशी टोकावड्याला गेली तर विहीणबाई जल्मभर उकरून काढतील," तिची आई देवकी म्हणाली.

"मी करतो ना कानातल्या बाळ्या!" तिचा नवरा धाऊ म्हणाला. "थोडा तांबा, थोडी पितळ. त्यात काय हाय?"

धातू आधी चिंचेच्या पाण्यात उजळून घ्यायचा असतो, एवढे धाऊला ठाऊक होते. परातीत चिंचेचे पाणी तयारच दिसले. त्याने आपले तुकडे त्यात टाकले आणि थोड्या वेळाने हाताला लागले ते सगळे उचलून मुशीत घातले. लोहाराचा भाता मागून आणला, निखारे फुलवले, रस कौलाच्या खाचेत ओतला. ठोकून, वाकवून बाळ्या झाल्या, त्या चांदीसारख्या लखलखीत!

"हातगुन लागतो गो!" धाऊने मिशीला पीळ दिला.

"आवो, परातीत मामंजींचा टाक उजळाया घातलेला. कुठं गेला?"

पीळ सुटला. धाऊच्या वडिलांच्या नावाचा, मूर्ती कोरलेला तो चांदीचा टाक देवघरात पुजला जाई. त्याला हळद लागल्याशिवाय घरातल्या नवरीला हळद लागत नसे.

धाऊने बाळ्या पुढे केल्या. "बाबा हितं हायेत," तो हळूच म्हणाला. "दोन जागी."

आता लग्न व्हायचे तर एकच वाट होती. हळदीच्या दिवशी धाऊने लेकीला पाटावर बसवले, तिच्या बाळ्या घातलेल्या कानांना हळद लावली, अक्षता वाहिल्या आणि कानांपुढे नारळ फोडला. नेमकी तेव्हाच विहीण बाईजा मांडवात शिरली.

"व्याही, ह्यो काय परकार?"

धाऊने सगळे खरे सांगितले. आता लग्न मोडणार म्हणून देवकीने डोळे मिटले. बाईजाने मात्र डोक्यावर पदर घेतला आणि सुनेच्या कानांना वाकून नमस्कार केला.

"घरचा मोठा मानूस पोरीसंगं येतो, त्याला नाय कसा म्हनू?"

महिन्याने धाऊ आणि देवकी टोकावड्याला गेली. जेवणाची वेळ होती. बाईजाने पहिले पान वाढून सावळीच्या कानांपुढे धरले, हात जोडले. कानांना काही जेवता येईना, म्हणून ते पान सावळी जेवली. सासू, सासरे, नवरा, सगळे तिचे आवरेपर्यंत थांबले. सुनेने सगळ्यांच्या शेवटी जेवायचे, ही त्या घरची रीत. पण आजोबांना उपाशी कोण ठेवणार? पोरीचे गाल चांगले वर आले होते.

परतीच्या वाटेवर देवकी आपल्या कानांच्या पाळ्या चाचपत चालली होती.

"आवो," ती म्हणाली, "देवघरात तुमच्या आजीचा टाक हाय ना अजून?"